जोखीम : मोठी आच

आमच्या कंपनीनं प्रत्येक डेव्हलपरचं काम मोजून भिंतीवर दाखवायचं ठरवलं, त्या पहिल्याच आठवड्यात आप्पांचा आकडा उणे चारशे बारा आला.

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. दारातून आत शिरलं की समोर मोठा टीव्ही. कुणी आठवड्यात कोडच्या किती ओळी लिहिल्या, त्याच्या हिरव्या पट्ट्या त्यावर डावीकडून उजवीकडं पळताना दिसायच्या. आप्पांची पट्टी लाल होती आणि ती उलटी, भिंतीच्या कोपऱ्याकडं निघाली होती. कारण त्या आठवड्यात त्यांनी नवीन काही लिहिलंच नव्हतं, जुन्या प्रोग्राममधल्या चारशे बारा ओळी काढून टाकल्या होत्या. प्रोग्राम पहिल्यापेक्षा बरा चालत होता, पण ते टीव्हीला कळत नव्हतं. एचआरच्या मॅडमनी त्यांना बोलावून विचारलं, असं कसं झालं म्हणून. आप्पा म्हणाले, "मॅडम, घर झाडल्यावर तुम्ही केर मोजता का घर बघता?"

त्या संध्याकाळी त्यांनी सगळ्यांसाठी गुलमंडीवरून इमरती आणली. ओळी काढल्या की आप्पा इमरती आणायचे. नवीन ओळी लिहिल्या म्हणून त्यांनी कधी काही आणल्याचं मला आठवत नाही.

आप्पा हे त्यांचं खरं नाव नाही, आणि खरं मी सांगणारही नाही. ते अजून आहेत, लासूर स्टेशनला राहतात, आणि हे त्यांच्या वाचण्यात आलं तर यातला निम्मा मजकूर काढायला लावतील. मी तेव्हा नुकती कॉलेजातून बाहेर पडलेली. घर गंगापूरला, वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. आठवडाभर सिडकोत तिघींच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी घरी पळायचे. आप्पा पन्नाशीला टेकलेले. लासूरहून रोज सकाळच्या गाडीनं येत, मुकुंदवाडीला उतरून पुढं चालत. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात चपला, आणि ओळखपत्र गळ्यात न घालता पट्ट्यासकट खिशात कोंबलेलं. गळ्यात घाला असं कुणी म्हटलं की म्हणायचे, "आमच्या गावात बैलाला घुंगरमाळ घालत्यात. पट्टा फक्त कुत्र्याला."

तीन वेळा त्यांना बढती देऊ केली होती आणि तिन्ही वेळा त्यांनी ती नाकारली होती. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "वर चढवलं की कीबोर्ड काढून घेत्यात माय, आणि हातात स्लाइडी देत्यात. मला स्लाइड येत नाय. मला येतं ते एवढंच." माय हे ते मलाच नाही, ऑफिसातल्या सगळ्याच मुलींना म्हणत. एचआरच्या मॅडमना सुद्धा एकदा म्हणाले होते, आणि मॅडमना ते आवडलं होतं असा माझा अंदाज आहे.

कुठं अडले की आप्पा खाली गेटवर जायचे. तिथं अजिंठ्याकडचे एक म्हातारे वॉचमन बसायचे, त्यांना सगळे चाचा म्हणत. आप्पा त्यांच्या शेजारी बाकावर बसून प्रोग्राममधली अडचण पहिल्यापासून शेवटपर्यंत समजावून सांगत. चाचा गेटकडं बघत अधूनमधून "हौ" म्हणत. दहाव्या-बाराव्या ‘हौ’ला आप्पा मधेच उठून वर पळत, कारण उत्तर सापडलेलं असे. एकदा मात्र चाचांनी विचारलं, "मगर साब, ये चीज वहाँ रखीच कायको?" आप्पा तसेच उठून वर आले, आणि ती चीजच काढून टाकली. दुसऱ्या दिवशी इमरतीचा पहिला पुडा गेटवर गेला.

आमचे मॅनेजर पुण्याहून आलेले होते. वाईट नव्हते, हे आधीच सांगते. स्वच्छ कपडे, गोड बोलणं, आणि परदेशी कंपन्यांमध्ये जे जे चालतं ते ते आमच्याकडं सुरू करायची हौस. त्यांना आम्ही साहेब म्हणायचो. त्यांनी रोज दहा वाजता उभ्यानं मीटिंग घ्यायला सुरुवात केली. उभं राहिलं की लोक थोडक्यात बोलतात आणि पंधरा मिनिटांत मोकळे होतात, अशी कल्पना. आमच्याकडं ती पन्नास मिनिटं चालायची, कारण साहेब स्वतः थोडक्यात बोलत नसत. तिसऱ्या दिवशी आप्पा पॅन्ट्रीतला लाकडी स्टूल घेऊन आले आणि गोलाच्या मधोमध बसले.

"आप्पा, ही स्टँडअप आहे," साहेब म्हणाले.

"व्हय. मी मनानं उभा हाय. गुडघ्यांनी बसलोय."

त्यांची पाळी आली की ते रोज एकच सांगत, "काल जे करत होतो तेच आज करतोय. अडथळा एकच, ही मीटिंग." साहेब ते ‘अडथळे’ या रकान्यात खरंच लिहून घेत, आणि पुढच्या आठवड्यात अडथळ्यांचा आढावा घेण्यासाठी वेगळी मीटिंग लावत.

काम किती दिवसांत होईल हे विचारलं की आप्पांचं उत्तर ठरलेलं असे. "तुमच्या मनात आकडा हाय ना? तो सांगा, मी मान हलवतो. उगंच दोघांचा वेळ कामून घालवायचा?" साहेब हसून म्हणत, "नाही नाही, तुम्ही मोकळेपणानं सांगा." आप्पा सांगत, "तीन आठवडे." साहेब म्हणत, "एका आठवड्यात नाही का बसणार?" मग आप्पा माझ्याकडं बघून मान हलवत.

आमचं मुख्य गिऱ्हाईक हॉलंडमधलं होतं, भाजीपाल्याचं भलंमोठं गोदाम. तिथं मध्यरात्रीपासून ट्रक लागायचे आणि भाजी भरून गावोगावच्या दुकानांकडं निघायचे. कुठला ट्रक किती वाजता कुठल्या दरवाजाशी लागायचा, हे आमचा प्रोग्राम ठरवायचा. प्रोग्राममधली नावं आप्पांनी ठेवलेली होती. म्हणून ट्रकला ‘गाडी’ आणि दरवाजाला ‘दार’. तिथल्या गोदामावर एक बाई मुकादम होत्या. त्या इंग्रजीत मेल लिहिताना सुद्धा "गाडी चौदा दार सहाशी पोचली नाही" असंच लिहायच्या. आप्पा त्यांना मुकादम बाई म्हणत. दोघं एकमेकांना कधी भेटले नव्हते, पण फोनवर त्यांचं छान जमायचं.

युरोपात वर्षातून दोनदा घड्याळं हलवतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोनचे एकदम तीन करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तीनचे परत दोन. मी नोकरीला लागण्याआधीच्या मार्चमध्ये दोन ते तीन हा तास असा गायब झाला आणि त्या तासाच्या गाड्यांना दारच मिळालं नाही. गाड्या थोड्या होत्या. मुकादम बाईंनी हातानं चिठ्ठ्या लिहून त्या लावून दिल्या. आप्पांनी सोमवारी साहेबांना सांगितलं, "ऑक्टोबरात याच्या उलटं होणार. तोच तास दोनदा येणार. प्रोग्रामला वाटंल, आत्ताच्या गाड्या परत आल्या. दोन दिवस द्या, नीट करतो."

साहेब म्हणाले, "मार्च संपला ना? मग सध्या नव्या डॅशबोर्डवर फोकस करू. हे तुम्ही रिपोर्टमध्ये टाका, म्हणजे नजरेसमोर राहील."

रिपोर्ट म्हणजे दर शुक्रवारी चार वाजेपर्यंत पाठवायचा आठ पानांचा साप्ताहिक अहवाल. कामं, किती टक्के झाली, जोखीम काय, उपाय काय, जबाबदारी कुणाची, असे तक्तेच्या तक्ते. आमच्या टीमचा रिपोर्ट आप्पा लिहीत, कारण त्यांचं लिहायचं इंग्रजी बोलण्यापेक्षा पुष्कळ चांगलं होतं. त्यांनी एप्रिलमध्ये घड्याळाची ओळ टाकली. काही झालं नाही. मेमध्ये टाकली. काही झालं नाही. मात्र दर शुक्रवारी चार वाजून तीन मिनिटांनी साहेबांचं उत्तर यायचं : वाचलं. उत्तम काम, टीम. असंच चालू ठेवा.

"आठ पानं तीन मिनिटांत," आप्पा मला म्हणाले. मी लागून तेव्हा चारच दिवस झाले होते. "हा माणूस वाचत नाय माय. वास घेतो."

त्या शुक्रवारी त्यांनी साहेबांची परीक्षा घेतली. पाचव्या पानावरच्या तक्त्यात, डॅशबोर्ड आणि सर्व्हर यांच्या मधे, त्यांनी एक नवीन काम घातलं. मी शेजारी बसून बघत होते. काम : आमटीसाठी येसर. सद्यःस्थिती : गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ वेगवेगळी भाजून झाली. जोखीम : मोठी आच. उपाय : सतत हलवत राहणे. जबाबदारी : आई. पूर्ण होण्याची तारीख : खमंग वास सुटल्यावर.

चार वाजून तीन मिनिटांनी उत्तर आलं. उत्तम काम, टीम. असंच चालू ठेवा.

"बग," आप्पा म्हणाले, "चालू ठेवा म्हणतोय."

आम्ही चालू ठेवलं. आम्ही म्हणते, कारण पुढं शुक्रवारची वाट मीही बघायला लागले होते आणि त्यातली काही वाक्यं माझी आहेत. एका आठवड्यात चांगला कांदा कसा ओळखावा हे आलं. एका आठवड्यात लासूरची गाडी किती उशिरा आली त्याचं आलेखासहित विश्लेषण. जुलैपासून आप्पांच्या गाभण म्हशीचा एक कायमचा रकाना झाला. साहेबांना प्रत्येक काम टक्क्यांत लागायचं, म्हणून म्हैस साठ टक्के, मग सत्तर, मग ऐंशी. तब्येत हिरव्या रंगात. ऑगस्टमध्ये "डिलिव्हरी एक आठवडा पुढं गेली आहे, कारण म्हैस" असं वाक्य मी स्वतः टाइप केलं आणि हसू दाबायला बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले. उत्तर तेच. फक्त त्या खेपेला साहेबांनी जोडलं होतं, डिलिव्हरीच्या तारखा पाळण्याकडं लक्ष द्यावं.

या सगळ्याच्या खाली, दर आठवड्याला, एक खरी ओळ असायची. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तोच तास दोनदा येईल, गाड्या चुकतील, दुरुस्तीला दोन दिवस हवेत.

तो रविवार आला तेव्हा मी गंगापूरला होते. सकाळी सव्वासातला साहेबांचा फोन आला. मी अंगणात ब्रश करत होते. साहेब शांत आवाजात म्हणाले, "तुझ्या कोडनं हॉलंडचं गोदाम बंद पाडलंय. ताबडतोब ऑफिसला ये."

माझ्या कोडनं म्हणजे असं. दोन आठवड्यांपूर्वी मी त्या फायलीतल्या एका सूचनेचं स्पेलिंग दुरुस्त केलं होतं. फायलीला शेवटचा हात कुणी लावला त्याचं नाव वरती दिसतं, ते माझं होतं. साहेबांनी तेवढंच बघितलं.

घरी मी काही बोलले नाही. काम निघालं म्हणून सांगितलं आणि जीप पकडली. पोचले तर आप्पा आधीच लासूरहून मोटारसायकल हाणत आलेले. एका कानाला फोन, पलीकडून मुकादम बाई. दुसऱ्यांदा आलेल्या तासात प्रोग्रामनं पहिल्याच तासातल्या गाड्या पुन्हा बोलावल्या होत्या. त्या तर माल भरून केव्हाच निघून गेल्या होत्या. ज्या खरोखर उभ्या होत्या, त्यांच्यासाठी दारं उघडत नव्हती, आणि मागून आणखी येतच होत्या. आप्पा एकेक गाडी फोनवरून हातानं लावत होते. "मुकादम मॅडम, गाडी थर्टी वन, दार नाईन. येस. नेक्स्ट." दुपारी रांग मोकळी झाली. तोवर कितीतरी दुकानांत सकाळची भाजी पोचली नव्हती. मग आप्पांनी घड्याळाची दुरुस्ती करायला घेतली. मी शेजारी बसून तपासत गेले. एकच ओळ मी तिसऱ्यांदा तपासायला घेतली, तेव्हा ते म्हणाले, "तुझा काय संबंध नाय यात. उद्या बगू."

सोमवारी अकरा वाजता मला ‘वेरूळ’ नावाच्या मीटिंग रूममध्ये बोलावलं. टेबलापलीकडं साहेब, शेजारी एचआरच्या मॅडम, आणि भिंतीवरच्या पडद्यावर पुण्याच्या हेड ऑफिसमधल्या मोठ्या मॅडम. मी अजून प्रोबेशनवर होते. एचआरच्या मॅडमसमोर एक कागद पालथा ठेवलेला होता. पालथा असला तरी तो काय आहे हे मला समजलं. वडिलांनी डेपोतल्या प्रत्येक माणसाला माझ्या नोकरीचं सांगितलं होतं. मी त्या कागदाकडं बघत त्यांचाच विचार करत होते.

साहेब म्हणाले, "अनुभव कमी पडला, मला समजतं. पण घड्याळाच्या या प्रकाराची टीमनं मला काहीच कल्पना दिली नव्हती. लेखी तर नाहीच."

तेवढ्यात दार उघडलं आणि आप्पा स्टूल घेऊन आत आले. काखेत कागदांचा गठ्ठा.

"आप्पा, ही मीटिंग तुमची नाही."

"व्हय. पण रिपोर्ट माझे हायेत."

"बसू द्या त्यांना," पडद्यावरून मोठ्या मॅडम म्हणाल्या.

आप्पा बसले. गठ्ठा गुडघ्यावर ठेवला. "साहेब, आमचा रिपोर्ट तुम्ही वाचता ना?"

साहेबांनी एकदा पडद्याकडं पाहिलं. "अर्थातच. प्रत्येक ओळ वाचल्याशिवाय मी मंजूर करत नाही."

"मंग बरं झालं. हा घ्या ऑगस्टचा. सहावं पान, शेवटची ओळ."

साहेबांनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग सावकाश म्हणाले, "कामाच्या गर्दीत ही एखादी ओळ नजरेतून सुटली असेल."

"सुटंल की. माणूस हाय. तिच्या वरची बी वाचा."

साहेबांचे डोळे वरच्या ओळीवर गेले आणि तिथंच राहिले.

"मोठ्यानं वाचा," मोठ्या मॅडम म्हणाल्या.

"बफेलो," साहेब म्हणाले. "बफेलो डिलिव्हरी. ऐंशी टक्के. हिरवा."

"ही कोणती डिलिव्हरी? कुठलं गिऱ्हाईक?"

"म्हशीची, मॅडम," आप्पा म्हणाले. "झाली सप्टेंबरात. पारडी हाय. दोघीबी ठीक."

एचआरच्या मॅडमनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते. आप्पांनी एकेक कागद टेबलावर मांडायला सुरुवात केली. येसर, कांदा, लासूरची गाडी, म्हैस, आणि प्रत्येकाला जोडलेलं साहेबांचं उत्तर. उत्तम काम, टीम. साहेबांची पंचाईत अशी झाली की, घड्याळाची ओळ वाचली नव्हती म्हणावं तर रिपोर्ट वाचत नाही हे कबूल होत होतं, आणि वाचली होती म्हणावं तर म्हैस मंजूर केल्याचं कबूल होत होतं. ते गळ्यातला ओळखपत्राचा पट्टा तेवढा बोटाला गुंडाळत राहिले.

"त्या मुलीचं काम नेहमीसारखं चालू राहील," मोठ्या मॅडम म्हणाल्या. पालथा कागद एचआरच्या मॅडमनी लॅपटॉपखाली सरकवला.

मला वाटलं संपलं. आप्पाही कागद गोळा करू लागले होते. पण मोठ्या मॅडम पुढं म्हणाल्या, "एक विचारू? तुम्हाला मार्चपासून माहीत होतं. हे वाचत नाहीत हेही जूनपासून माहीत होतं. मग तुम्ही मला एक फोन का केला नाही?"

आप्पांच्याकडं प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं. त्या दिवशी त्यांनी गोळा केलेले कागद पुन्हा टेबलावर ठेवले. मग स्टूल उचलून बाहेर गेले.

दुपारी गेटबाहेरच्या टपरीवर त्यांनी मला चहा पाजला. मी म्हणाले, "आप्पा, तुमच्यामुळं माझी नोकरी वाचली."

"माझ्यामुळंच जाणार होती," ते म्हणाले. "मला त्याला पकडायचं होतं माय. गाड्या वाचवायच्या नव्हत्या. दर शुक्रवारी बघायचो, हा वाचतो का. नाय वाचला की मला बरं वाटायचं. खरी ओळ मी मुद्दाम म्हशीच्या खाली टाकायचो. वर टाकली असती तर एखाद्या वेळेस दिसली असती त्याला." त्यांनी चहा अर्धाच ठेवला. "आणि मधी तू सापडलीस."

हसणाऱ्यांत मीही होते.

तिथूनच, टपरीवरून, त्यांनी मुकादम बाईंना फोन लावला. स्पीकरवर ठेवला, मला वाटतं साक्षीला कुणीतरी असावं म्हणून. आप्पांचं बोलायचं इंग्रजी तुटक होतं, पण त्या दिवशी त्यांनी एकही शब्द गाळला नाही. "मॅडम, आय न्यू. फ्रॉम मार्च आय न्यू. आय रोट इट अंडर अ जोक. सॉरी टु यू." मग मुकादम बाईंनी सांगितलं की त्यांनाही माहीत होतं. मार्चमध्ये चिठ्ठ्या लिहितानाच त्यांच्या लक्षात आलं होतं की ऑक्टोबरात याच्या उलटं होणार, आणि त्यांनी ते हॉलंडमधल्या त्यांच्या साहेबांना सांगितलं होतं. साहेब म्हणाले होते, रिपोर्टमध्ये टाका.

मला हसू आलं. आप्पांना आलं नाही.

कंपनीनं या सगळ्यातून आपल्या पद्धतीनं धडा घेतला. साहेबांची पुण्याला बदली झाली, पहिल्यापेक्षा लांबलचक पदावर. आप्पांना ‘परिणामकारक संवाद’ या विषयावरच्या दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं. ते मुकाट्यानं गेले आणि प्रमाणपत्र घेऊन आले. तिथं काय शिकवलं म्हणून विचारलं तर म्हणाले, "समोरच्याच्या डोळ्यात बघून बोला म्हणत होता, आणि स्वतः स्लाइडकडं बघत होता." रिपोर्टच्या शेवटी एक चौकोन वाढला, ‘मी हे पूर्ण वाचले आहे’. तो सगळेच टिक करायचे.

आप्पांच्या रिपोर्टमध्ये मात्र त्यानंतर कधी म्हैस आली नाही. रिपोर्ट अर्ध्या पानाचा झाला. काही धोक्याचं दिसलं की ते उठून त्या माणसाच्या टेबलाशी जाऊन उभे राहत. "तुझ्याशी बोलायचं हाय, हातातलं ठेव" असं म्हणत, आणि त्यानं ठेवेपर्यंत हलत नसत. नव्या मॅनेजरना याचा त्रास व्हायचा. आम्हाला शुक्रवार ओकाबोका वाटायचा.

वर्षभरानं मी शहरातल्याच दुसऱ्या कंपनीत गेले. आप्पांनी नंतर नोकरी सोडल्याचं उडत उडत कानावर आलं. गेल्या हिवाळ्यात एका लग्नासाठी लासूरला गेले, तेव्हा चौकशी करत कांद्याच्या बाजारात पोचले. तोलकाट्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत आप्पा बसले होते. कुणाचा ट्रॅक्टर आधी आला, कुणाचा नंबर कितवा, यावरून तिथं रोज भांडणं व्हायची, म्हणून त्यांनी रांगेचा छोटा प्रोग्राम करून दिला होता. मी गेले तेव्हा एक तोलारी त्यांना सांगत होता, "आप्पा, हे बटण लई बारीक हाय. माझं बोट दोन बटणांवर पडतंय." आप्पांनी त्याचं बोट हातात घेऊन बघितलं आणि तिथल्या तिथं बटण मोठं केलं. तोलाऱ्यानं दाबून पाहिलं आणि कामाला गेला.

"तू काय करायलीस आता?" आप्पांनी मला विचारलं.

"टीम आहे माझ्याकडं. नऊ जणांची."

"म्हंजी साहेब झालीस."

"हो." मी टोमण्याची वाट बघत होते. तो आला नाही.

"मंग तुझ्यापासून काय काय लपवत्यात?"

"काही नाही. आमच्याकडं मोकळं वातावरण आहे, आप्पा."

त्यांनी माझ्याकडं थोडा वेळ बघितलं. मग खिडकीबाहेर दोन ट्रॅक्टरवाले तावातावानं बोलायला लागले, आणि ते उठून तिकडं गेले.

सोमवारी दुपारी सगळे जेवायला खाली गेले, तरी आमचा एक टेस्टर जागेवरच डबा उघडून बसला होता. वयानं माझ्यापेक्षा मोठा, अबोल माणूस. प्रत्येक मीटिंगमध्ये त्याचं एकच वाक्य असतं, सगळं ठीक आहे. मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले आणि विचारलं, "मला माहीत नाही असं काय आहे?"

"काही नाही मॅडम."

मी उठले नाही. त्यानं चपातीचा एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. मी बसूनच होते. शेवटी त्यानं डब्याचं झाकण लावलं, हात पुसले आणि लॅपटॉप माझ्याकडं वळवला.

"खुर्ची जरा जवळ घ्या," तो म्हणाला. "वेळ लागंल."